भुसावळच्या रद्दीत मिळालेली समुद्रकाठच्या हॉटेलांची जुनी पोस्टकार्डं – एका कार्डाचं साल ठरवायला मदत हवी

पाव आणा
नमस्कार मंडळी. 'पाव आणा' हे माझं इथलं टोपणनाव. मी भुसावळची, शाळेत भूगोल शिकवते. जुनी चित्रांची पोस्टकार्डं जमवायला लागून आठ-नऊ वर्षं झाली, त्यातही समुद्रकाठच्या जुन्या हॉटेलांची. आपल्याकडून समुद्र बघायला जायचं तर रात्रभर गाडीत बसावं लागतं. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त पोरांनी तो पाहिलेलाच नसतो. कदाचित म्हणूनच मला या कार्डांचं इतकं वेड असावं.

मागच्या आठवड्यात ओळखीच्या रद्दीवाल्याचा फोन आला. रेल्वेच्या एका जुन्या बंगल्यातलं सामान निघालं होतं. त्यात बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकण गंजून घट्ट बसलेलं. तिथेच चमच्याने उचकटून बघितलं तर आत सुतळीने बांधलेली २३ कार्डं. साडेसहाशे रुपयांत डब्यासकट घेतली. सगळ्यांवर हॉटेलं, आणि एखाद-दुसरं सोडलं तर सगळी समुद्रकाठची! मुंबईचं ताज, कोलंबोचं गॉल फेस, इजिप्तमधल्या पोर्ट सैदचं ईस्टर्न एक्स्चेंज, इंग्लंडातल्या स्कारबरोचं ग्रँड, पुरीचं बीएनआर. १७ कार्डांवर एकच हस्ताक्षर आहे आणि ती सगळी एकाच नावावर आली आहेत, भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समधल्या एका मुलीच्या नावावर. (नाव इथे देत नाही. तिचं कुटुंब कुठेतरी असेलच.)

अडलंय ताजच्या कार्डापाशी. हॉटेल समुद्राच्या बाजूने टिपलंय, पुढ्यात शिडाच्या दोन होड्या. चित्राखाली बोटभर पांढरी पट्टी आहे, तीत तपकिरी पडलेल्या शाईने इंग्रजीत लिहिलंय: फुली केलेली खिडकी आमची, वारा छान, उद्या बोट. आणि खरोखरच वरच्या मजल्यावरच्या एका खिडकीवर शाईची बारीक फुली आहे. मागे फक्त पत्ता. तिकीट करड्या रंगाचं, सातव्या एडवर्डचं. मुंबईचा शिक्का १४ एप्रिलचा, भुसावळच्या डिलिव्हरीचा १५ एप्रिलचा, पण दोन्हींवर सालाच्या जागी नुसता डाग. साल कसं काढायचं?

अपोलो बंदर
ताई, हे कार्ड हातात असतं तर झोप उडाली असती माझी. मी ताजची कार्डं जमवतो, माझ्यापरीने सांगतो.

ताज सुरू झालं १६ डिसेंबर १९०३ ला. त्यामुळे एप्रिल १९०४ च्या आधीचं हे कार्ड असूच शकत नाही. आता चित्रात गेटवे ऑफ इंडिया शोधा. समुद्राकडून काढलेल्या चित्रात तो दिसत नसेल तर आम्ही त्याला 'बिनगेटवेचा ताज' म्हणतो. गेटवेची पायाभरणी ३१ मार्च १९१३ ची आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ चं. मधली कित्येक वर्षं तर भराव घालण्यातच गेली. आज जिथे माणसं गर्दी करून उभी असतात तिथे आधी पाणी होतं.

शेजारी ग्रीन्स हॉटेल दिसतंय का तेही बघा. ते पाडून तिथे ताजचा टॉवर उभा राहिला, १९७३ मध्ये. रंगीत चकचकीत कार्डात टॉवर दिसला की ते १९७३ नंतरचं, एवढं डोळे मिटून सांगता येतं.

जाता जाता एक गोष्ट, कारण प्रत्येक धाग्यावर कुणीतरी ती आणतंच. 'ताज चुकून उलटा बांधला गेला आणि वास्तुविशारदाने जीव दिला' ही निव्वळ दंतकथा आहे. दार मुद्दाम शहराच्या बाजूला ठेवलं होतं, जिथे आता पोहण्याचा तलाव आहे, आणि समुद्राचा वारा खोल्यांना दिला होता. आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, काम पुरं केलं डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी. आपल्या माणसाचं नाव त्यात पहिलं आहे, ते लोकांना माहीत असायला हवं.

पाव आणा
गेटवे नाही! भिंग लावून दोनदा बघितलं. ग्रीन्सची एक कड उजवीकडे दिसतेय. म्हणजे १९०४ ते साधारण १९१३-१४ एवढ्या टप्प्यात आलो.

जिभाऊ धुळे
ताई, भारी शे! मना आजाजोडे बी आशी कार्डं व्हतीन, सगळी चुलामा गयी. तुमी जपी ठेवा.

मेलव्हॅन
मी भुसावळ आरएमएसमधून, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमधून, निवृत्त झालो. ३४ वर्षं चालत्या गाडीत टपाल वर्गवारी केली. चित्रातलं मला कळत नाही, मागच्या बाजूचं कळतं. तेव्हा मागच्या बाजूवर बोलतो.

पहिलं म्हणजे तिकीट. करडं, म्हणजे तीन पैचं. बारा पैचा आणा, म्हणून तीन पै म्हणजे पाव आणा. आपल्याकडे पोस्टकार्ड सुरू झालं १ जुलै १८७९ ला आणि दर होता पाव आणा. तुम्ही नाव तेच घेतलंय, बरं वाटलं. एडवर्डची तिकिटं १९०२ पासूनची. १९११ च्या अखेरीपासून पंचम जॉर्जची यायला लागली. जुनी तिकिटं लोक संपेपर्यंत वापरायचे, तरी तुमचा टप्पा १९०४ ते १९११-१२ एवढा आखडला.

दुसरं म्हणजे, मागे नुसता पत्ता आहे आणि मजकूर पुढच्या पट्टीत कोंबलाय. सुरुवातीला नियमच तसा होता, पत्त्याच्या बाजूला दुसरं काही लिहायचं नाही. मधोमध रेघ मारून डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता ही सोय इंग्लंडने १९०२ मध्ये दिली, अमेरिकेने १९०७ मध्ये. दुकानात जुना साठा पडून असायचा, म्हणून एवढ्या एका खुणेवर साल ठरवू नये. पण ती लवकरच्या काळाकडे बोट दाखवते हे नक्की.

तिसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पत्त्यात भुसावळपुढे काय लिहिलंय? अक्षर न अक्षर सांगा.

पाव आणा
काका, 'जी.आय.पी. रेल्वे क्वार्टर्स, भुसावळ, खानदेश.' एवढंच. (जी.आय.पी. म्हणजे तेव्हाची ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे.)

मेलव्हॅन
मग ऐका. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले, पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश. भुसावळ, जळगाव पूर्वेत, धुळे-नंदुरबार पश्चिमेत. त्यानंतरच्या टपालावर 'ई. खानदेश', 'डब्ल्यू. खानदेश' असं यायला लागलं. माणसाची सवय लगेच सुटत नाही, नुसतं खानदेश लिहिणारे पुढेही होते. पण त्याच हस्ताक्षराची बाकी १६ कार्डं तुमच्याकडे आहेत. त्यांवर पत्ता कसा आहे ते बघा, म्हणजे याच माणसाची सवय कळेल.

बोरीकाठ
अमळनेरहून. धागा वाचतोय, मजा येतेय. एक व्यवहाराची गोष्ट बोलतो, राग मानू नका. बिनगेटवेच्या ताजला चांगली मागणी असते, शिवाय वापरलेलं, दोन्ही शिक्के असलेलं कार्ड आहे. ताज, गॉल फेस, स्कारबरो अशी तीन-चार वेगळी काढून विकलीत तर डब्याचे पैसे कितीतरी पटींनी सुटतील आणि त्यातून तुम्हाला नवीन कार्डं घेता येतील. मी स्वतः असंच करत आलोय.

गिरणाकाठ
विकायचं तर नंतर बघू. आधी खरं-खोटं तपासा, ताई. मी यात पोळलोय म्हणून सांगतो.

चार वर्षांपूर्वी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून '१९१० चं ताज' घेतलं. कोपरे झिजलेले, कागद पिवळट, वर हाताने लिहिलेला मजकूर. महिनाभर खिशात घालून मिरवलं. मग दहापट मोठं दाखवणारं भिंग आणलं आणि बघतो तर चित्रात ठिपके. ते ठीक आहे, जुन्या छपाईतही ठिपके असतात. पण हस्ताक्षरातही ठिपके! 'डिअर' या शब्दाची सगळी शाई म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. खऱ्या कार्डावरून स्कॅन करून लिहिण्यासकट छापलेलं होतं ते. खरी शाई कागदाच्या रेषांत थोडी पसरते, टाकाच्या दाबाची कड गडद दिसते, आणि कार्ड तिरपं धरलं की ओरखडा दिसतो.

दुसरी तपासणी याहून सोपी. दुकानदार नोटा बघायला वापरतात तो जांभळा टॉर्च घ्या आणि अंधाऱ्या खोलीत कार्डावर मारा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चकाकी आणणारं रसायन घालायची पद्धत साधारण १९५० पासूनची. कार्ड निळंशार चमकलं तर त्याचं १९१० पुसून टाका. माझं कार्ड दिवाळीच्या कंदिलासारखं चमकलं.

पाव आणा
गिरणाकाठ भाऊ, आत्ताच केलं. शेजारच्या किराणा दुकानातून टॉर्च आणला, पोरांनी खिडक्यांना चादरी लावल्या. २३ पैकी एकही चमकलं नाही. सगळी मळकट, मंद, जुन्या वहीच्या पुठ्ठ्यासारखी. ताजवरची फुली भिंगाखाली बघितली. एक रेघ दुसरीवरून गेलीय तिथे शाई दाट झालीय आणि टाकाचं टोक कागदात किंचित रुतलंय. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी हे कार्ड मांडीवर नाहीतर टेबलावर धरून 'ही आमची' असं म्हणत टाक टेकवला, ती जागा माझ्या बोटाखाली होती. माझ्या हाताला कंप सुटला होता, खरंच सांगते.

आता मेलव्हॅन काकांचं काम. एकाच हस्ताक्षरातल्या १७ पैकी सहा कार्डांवर नुसतं 'खानदेश' आहे, अकरांवर 'ई. खानदेश'. त्या अकरांतल्या पाचांवर साल स्वच्छ वाचता येतं, आणि पाचही १९०८ ची आहेत! सहांतल्या एकावर १९०५ आहे, कोलंबोच्या गॉल फेसचं, फेब्रुवारीतलं.

मेलव्हॅन
झालं मग. या माणसाने जिल्हा फुटल्यावर पत्ता बदलला, म्हणजे काटेकोर माणूस. तुमचं ताज नुसत्या खानदेशच्या गठ्ठ्यातलं. १९०४, १९०५ किंवा फार तर १९०६ चा एप्रिल. फेब्रुवारीतलं कोलंबो १९०५ चं आहे, त्यामुळे माझा कौल १९०५ ला, पण कागदावर '१९०४–०६' असंच लिहा. जे सिद्ध आहे तेवढंच लिहावं.

आणि १४ ला मुंबईत टाकलेलं कार्ड १५ ला भुसावळात पोचलं. साडेचारशे किलोमीटरच्या आसपास अंतर, रात्रीच्या मेलने. आमच्यासारख्याच कुणीतरी हलत्या गाडीत, कंदिलाच्या उजेडात ते भुसावळच्या खणात टाकलं असणार. माझ्या खात्यातल्या माणसाच्या हातून गेलेलं कार्ड आहे ते.

१९०८ च्या कार्डांत परदेशातून आलेलं एखादं 'सी पोस्ट ऑफिस' शिक्क्याचं आहे का बघा. मुंबई ते एडन बोटीवरच टपालाची वर्गवारी व्हायची, १८६८ पासून १९१४ पर्यंत. बोट बंदराला लागायच्या आत थैल्या गाडीसाठी तयार असायच्या. आरएमएसवाल्यांचे ते समुद्रावरचे भाऊबंद.

यावलचा कागद
मूळचा यावलचा, आता मुंबईत कागदपत्रांच्या जतनाचं काम करतो. साल ठरलं, आनंद आहे. पण ताई, ती कार्डं अजून त्याच डब्यात असतील तर आज रात्रीच बाहेर काढा.

गंजाचे डाग कागदात उतरले की निघत नाहीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याच्या डब्यात तर भट्टीच होते. कागद कडक पडतो, कोपरा वाकवला की तुटतो. पावसाळ्यात त्याच डब्यात दमट हवा कोंडते आणि कसर लागते. कसरीला कागदावरच्या खळीचा मुलामा आणि तिकिटाचा डिंक आवडतो, म्हणून ती कार्ड वरवर सोलून खाते. डबा टाकू नका, तोही या गठ्ठ्याचा भाग आहे. रिकामा करून वेगळा ठेवा.

प्रत्येक कार्ड पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात घाला. बाजारात मिळणारे मऊ, वास येणारे प्लास्टिकचे अल्बम पीव्हीसीचे असतात. काही वर्षांत ते चिकट होतात आणि चित्राचा रंग उचलतात. ती पाकिटं पुठ्ठ्याच्या आम्लरहित खोक्यात उभी ठेवा आणि खोका घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, कपाटाच्या खालच्या-मधल्या कप्प्यात. माळ्यावर नको, बाहेरच्या भिंतीला टेकून नको. लॅमिनेशन तर चुकूनही नको. सुतळीही जपा, पण कार्डांभोवती परत बांधू नका, कडा कापल्या जातात.

आमच्या आजीची रीत कडुलिंबाचा पाला घालायची. कपड्यांत ठीक, कागदात नको. पाल्याचा हिरवट-तपकिरी डाग पडतो. घालायचंच तर वेखंडाची पुरचुंडी कपाटात ठेवा, खोक्यात नाही.

काही लिहून ठेवायचं ते पाकिटाबरोबरच्या चिठ्ठीवर, मऊ पेन्सिलीने. कार्डावर पेन टेकवू नका.

पाव आणा
सगळी बाहेर काढली, जुन्या सुती पदराच्या घडीत ठेवली आहेत. पाकिटं मागवते. पुरीच्या बीएनआर हॉटेलच्या कार्डाला काळ्या भागात आरशासारखी चकाकी आलीय, तिरपं धरलं की चंदेरी दिसतं. ती बुरशी आहे का? वेगळं हस्ताक्षर आहे, बरंच नंतरचं वाटतं.

यावलचा कागद
बुरशी नाही. खऱ्या फोटोच्या कागदावर छापलेलं कार्ड असणार, भिंगाखाली त्यात ठिपके दिसणार नाहीत. फोटोतली चांदी पृष्ठभागावर येते, त्याची ती झाक. पुसू नका, बोट लावू नका. ती झाक म्हणजे जुना खरा फोटो असल्याची खूणच आहे.

बोरीकाठ
बीएनआर म्हणजे बेंगाल नागपूर रेल्वे ना? भुसावळहून जीआयपीने नागपूर, आणि नागपूरपासून पुढे बीएनआर. म्हणजे भुसावळच्या रेल्वेवाल्याला पास काढून गाडी बदलत पुरीचा समुद्र गाठता यायचा. रेल्वे स्वतः समुद्रकाठी हॉटेल चालवायची, हे मला या धाग्यामुळे पहिल्यांदा जाणवलं.

अपोलो बंदर
इंग्लंडातही तेच. मोरकॅमचं मिडलंड हॉटेल १९३३ चं, एलएमएस (लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश) रेल्वेने बांधलेलं, पांढरंशुभ्र, समुद्राच्या वळणाबरोबर वळलेलं. समुद्रकाठची जत्रा तिकडे रेल्वेनेच वाढवली. त्या डब्यात रेल्वेवाल्यांकडे आलेली हॉटेलांची कार्डं असणं अगदी साहजिक आहे.

ताई, स्कारबरोच्या ग्रँडचं कार्ड नीट दाखवा. १८६७ चं हॉटेल ते, वर्षाच्या हिशोबाने बांधलेलं असं सांगतात: ४ मनोरे, १२ मजले, ५२ धुराडी, ३६५ खोल्या. १६ डिसेंबर १९१४ ला जर्मन युद्धनौकांनी किनाऱ्यावर तोफा डागल्या तेव्हा त्यालाही गोळे लागले. ताज ज्या तारखेला उघडलं तीच तारीख, बरोबर ११ वर्षांनी. म्हणजे तुमचं कार्ड १९०८ च्या गठ्ठ्यातलं असेल तर ते गोळे लागायच्या आधीचं आहे.

पाव आणा
दोन दिवस दिसले नाही, पेपर तपासायचे होते. आता सगळं सांगते.

बोरीकाठ भाऊ, तुमचं म्हणणं मी मनापासून विचारात घेतलं, राग कसला. पण मी एकही कार्ड वेगळं करणार नाही. मेलव्हॅन काकांनी साल काढलं ते कशावरून? ताजच्या कार्डावर ते कुठेच नव्हतं. शेजारच्या १६ कार्डांनी ते सांगितलं. मी ताज आधीच विकून बसले असते तर घेणाऱ्याच्या हाती 'अंदाजे १९१०' एवढंच राहिलं असतं, आणि माझ्याकडच्या गठ्ठ्याचं पहिलं पान गेलं असतं.

काल रात्री जेवणं आटोपल्यावर 'ई. खानदेश' पत्त्याची ती अकरा कार्डं घरातल्या मोठ्या सतरंजीवर तारखेप्रमाणे मांडली. मुंबई, मग पोर्ट सैद (त्यावर स्फिंक्स आणि पिरॅमिडचं तिकीट आहे!), मग फ्रान्सचं मार्सेय, मग इंग्लंडातली. साध्या रजेचा सरळ रस्ता. भूगोलाच्या नकाशावर पेन्सिलीने रेघ ओढत गेले. काका, सी पोस्ट ऑफिसचा शिक्काही सापडला. पोर्ट सैदच्या कार्डावर, आडवा, अर्धा पुसट. मी आजवर तो डाग समजत होते.

स्कारबरोचं कार्ड सगळ्यात शेवटी आहे. तिकीट एका पेनीचं, लाल. मागे मधोमध रेघ आहे, त्यामुळे मजकूर डावीकडे सुटसुटीत लिहिलाय. पाऊस थांबत नाही, तुझ्याकडे आंबे संपले का, अंगणातल्या निंबाखाली खाट टाकतेस का, असं विचारलंय. पुढच्या बाजूला ते अवाढव्य हॉटेल, ३६५ खोल्यांचं. आणि खिडक्यांच्या त्या गर्दीत, डावीकडच्या मनोऱ्याखाली, तीच फुली. तशीच बारीक, दुसरी रेघ पहिलीवरून गेलेली.

सोमवारी हा नकाशा आणि कार्डांचे फोटो वर्गात नेणार आहे. मूळ कार्डं घरीच राहतील.

मेलव्हॅन
त्या सी पोस्टच्या शिक्क्यात एखादं अक्षर असेल. बोटीवरच्या वर्गवारीच्या तुकड्यांना अक्षरं असायची. फोटोत मला नीट दिसत नाही. रविवारी सकाळी घरी असाल तर माझं मोठं भिंग घेऊन येतो.

पाव आणा
या काका, नक्की या. आणि बोरीकाठ भाऊ, तुम्हीही या. अमळनेर काही लांब नाही, जेवायला वरण-बट्टी करते.

बोरीकाठ
येतो ताई. माझ्याकडे एक कोलंबोच्या गॉल फेसचं कार्ड पडून आहे, कार्डं छापणाऱ्या तिथल्याच प्लाटे कंपनीचं. तीन वर्षांपूर्वी एका गठ्ठ्यातून मीच वेगळं काढून ठेवलं होतं. पत्ता भुसावळचाच आहे. हस्ताक्षर ताडून बघायला बरोबर आणतो.